वाघात अडकलेले सर

पाहुणे चारला यायचे होते आणि गंधालीच्या अंगाला निलगिरीच्या तेलाचा वास येत होता.

ती राजूरच्या एका मेडिकल दुकानात कामाला होती. सकाळी फळीवरून काढताना बाटली हातातून निसटली आणि अर्धं तेल तिच्या हातांवर, अर्धं केसांवर सांडलं. घरी आल्यावर आईनं, पुष्पाबाईंनी, तिला बेसन चोळून दोनदा आंघोळ करायला लावली. वास तसूभरही हलला नाही.

"आगं, पाहुणे पोरगी बघायला येऊन राह्यले का सर्दी बरी करायला?"

"दोन्ही होऊन जाईल की, आई."

"हेच! हेच बोलणं तुझं. मागचे चार असेच गेले."

चार गेले हे खरं. पण नकार गंधालीनंच दिला होता, आणि त्याचं कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ते सांगण्यासारखं नव्हतंच. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती मोबाईलवर एक कादंबरी वाचायची. 'नरव्याघ्राची नियती', एकूण भाग शहाण्णव. तिचा नायक राजवीर दर पौर्णिमेला वाघ व्हायचा. त्याच्यासाठी नियतीनं एकच मुलगी नेमून ठेवली होती आणि तो तिला हजारांच्या गर्दीत नुसत्या वासावरून ओळखायचा. बाराव्या भागात तो वाघाच्या रूपात अडकून पडला, त्या दुपारी गंधालीनं एका आजोबांना खोकल्याऐवजी पोटाचं औषध दिलं आणि मग त्यांच्यामागे देवळापर्यंत धावत जाऊन ते बदलून दिलं. इतकं सगळं होऊन शहाण्णवाव्या भागात राजवीरनं काय करावं? वाघपण सोडलं आणि सासऱ्याच्या कंपनीत मॅनेजर झाला. गंधालीनं पाचांपैकी दोन तारे दिले आणि खाली लिहिलं, 'निराशा झाली. एवढी वाट पाहिली, शेवटी नोकरीच लागली.'

माणूस वाघ होत नाही, हे फार्मसी शिकलेल्या मुलीला कुणी सांगायला नको. पण कुणीतरी समोर यावं आणि आत काहीतरी हलावं, एवढी छोटी अपेक्षा त्या कादंबरीतून उरलीच होती. आधीच्या चौघांनी पोहे खाल्ले, पगार सांगितला, पाणी प्याले. आत काहीही हललं नाही.

आज पाचवा. "तुझ्या मनाविरुद्ध काहीच करायचं न्हाई आपल्याला," वडील तातेराव सकाळी म्हणाले होते, "पण आता मी थकलो बेटा. याच्यानंतर तूच सांग काय करायचं ते." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

चारला वडीगोद्रीहून जीप आली. तिच्यातून मुलाची आई कौसल्याबाई उतरल्या, मध्यस्थ धर्मराजमामा उतरले; फक्त मुलगा उतरला नाही. स्वानंद भोकरदनजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत शिक्षक होता. शनिवारची शाळा सुटली की तो परस्पर येणार होता. साडेचार झाले, पाच वाजले. पोहे दोनदा गरम झाले.

तेवढ्यात कौसल्याबाईंचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असे.

"काकू, मी सरांच्या शाळेतला बोलून राह्यलो. सर अडकलेत."

"कामात का?"

"न्हाई. वाघात."

आणि रेंज गेली.

धर्मराजमामांना गप्प बसण्याची सवय नव्हती, म्हणून तेच आधी बोलले. "तिकडल्या शिवारात मागच्या महिन्यात बिबट्या दिसल्ता म्हणे."

"अरे देवा! माझं लेकरू!" कौसल्याबाईंनी फोन टाकला आणि पदर तोंडाला लावला.

तातेराव उठले. वनखात्याचा नंबर घरात कुणाकडेच नव्हता, म्हणून त्यांनी गल्लीला हाक मारली. पाच मिनिटांत दहा माणसं जमली. कुणाच्या हातात काठी, कुणाकडे क्रिकेटची बॅट. एकजण परात आणि लाटणं घेऊन आला, कारण आवाजानं जनावर पळतं, असं त्यानं ऐकलं होतं. गंधालीनं पिशवीत पट्ट्या, कापूस, आयोडीन, चिमटा, हाताला लागेल ते कोंबलं. न पाहिलेल्या माणसासाठी एवढी धांदल का व्हावी, हे तिला कळेना. आणि मनाच्या एका कोपऱ्यात बारावा भाग आठवतोय, याची लाज वाटत होती ती वेगळीच.

जीप सुरू झाली, आणि समोरून एक मोटारसायकल गल्लीत शिरली. चालवणारा शाळेतला दुसरा शिक्षक होता. त्याच्यामागे, पोटाशी नारळ धरून, एक वाघ बसला होता.

काठ्या वर गेल्या त्या वरच राहिल्या.

"सोंग आहे, सोंग!" गाडीवाला ओरडला. "गोष्ट सांगायला घातल्तं, चेन अडकली. तासभर ओढली, निघेना. मला जल्दी आहे, येतो मी!" वाघाला उतरवून तो निघूनसुद्धा गेला.

वाघानं नारळासकट पंजे जोडले. "नमस्कार. उशीर झाला, माफ करा."

पिवळ्या ब्लँकेटचा वाघ होता तो. अंगावरचे काळे पट्टे कुठे जाड, कुठे बारीक, एक तर पोटावरून निघून भलतीकडेच गेलेला. कागदाच्या लगद्याचं डोकं ब्लँकेटला शिवून टाकलेलं आणि त्याचा एक कान गळालेला. डोळे नुसते रंगवलेले, त्यामुळे आतल्या माणसाला वाघाच्या जबड्यातून बघावं लागत होतं.

"नारळ कशाला आणला बाबा?" पुष्पाबाईंना दुसरं काही सुचेना.

"गणपतीच्या देवळापाशी एका आजींनी दिला. बहुरूपी समजल्या. मला न्हाई म्हणता येईना."

मग सगळ्यांनी त्याला सोडवायचं मनावर घेतलं. तातेरावांनी पक्कड आणली, तर चेनीची ओढायची पट्टीच तुटून हातात आली. धर्मराजमामांनी खोबरेल ओतलं. त्यानं चेन हलली नाही, पण धरायला गेलेला प्रत्येक हात सटकू लागला. परातवाल्यानं शेपूट धरून ओढलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. शेजारचं कुत्रं भुंकून भुंकून दमलं आणि वाघाच्या पायाशी जाऊन बसलं.

"कापून टाका ना बाई," कौसल्याबाई म्हणाल्या. "ब्लँकेटच तर हाय."

पुष्पाबाईंनी कात्री आणली. ती पाठीला टेकली मात्र, आणि इतका वेळ माफी मागणारा वाघ गरजला, "कात्री न्हाई!"

गल्ली दोन पावलं मागे सरली. कुत्रं जीपखाली गेलं.

"माफ करा," वाघ पुन्हा हळू आवाजात म्हणाला. "पण हे बिलकुल कापायचं न्हाई."

गंधाली पुढे झाली. "माझ्याकडं बारीक चिमटा आहे. चेनीत धागे गुंतलेत, एकेक काढावा लागेल. पण इतकी गर्दी नको."

"घ्या!" धर्मराजमामांना एकदम हुरूप आला. "तसंही पोरा-पोरीला दहा मिनिटं आपसात बोलू द्यायचंच असतं. जा बाबा वाघा, आत जा."

आतल्या खोलीत वाघ स्टुलावर बसला. गंधाली त्याच्या पाठीशी बसून एकेक धागा उपसू लागली. दार रिवाजाप्रमाणे अर्धं उघडं होतं.

वाघानं मान किंचित वर केली आणि दीर्घ श्वास घेतला. "हा वास..."

गंधालीचा चिमटा थांबला. असंच होतं ते! चौथ्या भागात राजवीर अगदी असाच थांबतो, आणि म्हणतो, सात जन्म मी या गंधाच्या शोधात होतो.

"निलगिरी आहे का हो?" वाघ म्हणाला. "लई बरं वाटलं. आत डिंकाच्या वासानं डोकं धरल्तं. तुम्ही जवळ आल्या अन् नाक मोकळं झालं."

दोन तारे, गंधाली मनात म्हणाली. पण तिला हसू आलं.

"काहून कापायचं न्हाई?"

"पट्टे बघा जरा. कडेला नावं हायेत."

तिनं वाकून पाहिलं. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाशी पेन्सिलीनं, वेड्यावाकड्या अक्षरात एकेक नाव होतं.

"एकोणीस लेकरं, एकोणीस पट्टे," वाघ म्हणाला. "ज्याचा त्यानं काढला."

"हा पोटावरचा लई वाकडा झालाय."

"तो दैवशालाचा. पहिलीतली पोरगी. जूनपासून शाळेत एक शब्द बोलली न्हाई. मी सगळं करून बघितलं. गाणी झाली, चिंचा झाल्या, खडू झाले. आज वाघ झालो, तर जवळ आली. कान धरला माझा, तो निघून तिच्या हातात गेला. घाबरली बिचारी. मंग कानाच्या भोकाशी तोंड लावून म्हणली, 'सोमवारी येशील का?'"

"मंग? तुम्ही काय म्हणलात?"

"मी काहीच न्हाई. वाघ म्हणला, येईन." त्यानं पंजानं गळालेल्या कानाची जागा चाचपली. "सर लोकांनी शब्द मोडला तर लेकरं सांभाळून घेतात. वाघानं मोडलेला कसा चालंल?"

पुढचा धागा गंधालीनं फार हळू काढला.

"तुम्ही मला बघितलंसुद्धा न्हाई अजून," ती म्हणाली.

"जबड्यातून नुसती फरशी दिसायलीय. स्वच्छ आहे."

ती हसली तेव्हा शेवटचा धागा सुटला. चेन सरसर खाली आली. आत घामानं भिजलेला शर्ट होता, मानेवर पिवळा रंग उतरला होता, आणि पाठ अगदी साधी, जरा वाकलेलीच होती. पोरांच्या वह्यांवर वाकून वाकून होते तशी. राजवीरची नव्हे. औषधाच्या पाकिटावरची तारीख पाहावी, तशी गंधालीनं स्वतःच्या मनात निराशा कुठे आहे का, ते नीट तपासलं. उलटून पालटून पाहिलं. सापडली नाही.

"निघाली का गं चेन?" बाहेरून पुष्पाबाईंनी विचारलं.

गंधालीनं उघड्या चेनीकडे पाहिलं आणि दोन्ही कडा बोटांनी जुळवून धरल्या.

"न्हाई आई. थोडी राह्यलीय."

वाघ अगदी हळू म्हणाला, "माझ्या पाठीला वारं लागायलंय."

"लागू द्या," गंधाली म्हणाली. "सोमवारची गोष्ट कोणती सांगणार, ते सांगा."

त्यानं घसा खाकरला आणि सुरुवातीपासून गोष्ट सांगायला घेतली. बाहेर पोहे तिसऱ्यांदा गरम व्हायला गेले.