थोरल्या डिस्कच्या मानाची हकीकत

श्री गजानन समर्थ. जे घडिले ते घडिल्याप्रमाणे, न वाढविता न झाकिता, लिहिले असे. शके एकोणीसशे एकतीस, विरोधीनाम संवत्सर, भाद्रपद मास. ते समयी श्रीमंत सदानंदराव आपले दौलतीचा कारभार पाहात होते. दौलत म्हणजे तीन खोल्या, एक ओटी आणि ओटीवरील जुना संगणक. त्या संगणकाचे पोटी चाळीस जीबीची हार्डडिस्क थोर इमानाची होती, आणि तिचे पदरी कैलासवासी कुमुदिनीबाईसाहेबांचा आवाज होता. कन्या वृंदाबाई सासरी दूर मुलुखी, सबब बाईसाहेबांनी हयातीत तिजसाठी भरल्या वांग्यांच्या मसाल्याची कृती माईकमध्ये सांगून ठेविली होती. आरंभीच, "अहो, हे सुरू झालंय का? लाल दिवा तर दिसत नाही. मी काय भिंतीशी बोलतेय?" ऐसे बोलणे होते, आणि मग मसाला होता, आणि मध्येच खोबरे जाड किसले म्हणून श्रीमंतांस दटावणे होते. ती फाईल कन्येस धाडावयाची राहून गेली, गौरीस येईल तेव्हां ऐकेल ऐसे होत गेले, आणि मग बाईसाहेब गेल्या. त्यांचा आवाज दौलतीत दुसरे ठायी कोठेही नव्हता.

पुढे थोरली डिस्क कटकट करू लागली, आणि श्रीमंतांचे चित्तास घोर पडला, आणि मग एकशेसाठ जीबीची नवी डिस्क आणविली. जावई मिलिंदराव या विद्येत वाकबगार, त्यांनी फोनवरून मसलत दिली, "बाबा, नवीला मास्टर करा, जुनीला स्लेव्ह. नवीवर विंडोज टाकू, मग जुनीतलं सगळं तिकडे उचलून घेऊ. तोवर जुनीला धक्का लावायचा नाही." मास्टर म्हणजे धनी आणि स्लेव्ह म्हणजे चाकर. डिस्कच्या पाठीशी जंपर नामें नखाएवढी टोपी असते, ती ज्या खुंट्यांवर बसवावी तैसे धनीपण अथवा चाकरी ठरते, आणि धनी तो पडद्यावर वरचे ओळीत दिसतो. मग श्रीमंतांचे धाकटे बंधू शरदराव यांनी पेचकस घेऊन कॅबिनेटचा पत्रा उतरविला, आणि जंपर काढावा तो श्रीमंतांनी हात धरिला.

"थांब. काल आलेली धनी, आणि इतकी वर्षं राबली ती चाकर?"

"दादा, नुसती नावं आहेत ती. डिस्कला काय कळतंय?"

"तिला नसेल कळत, मला कळतं. आपल्या घरात थोरल्याला खालच्या पाटावर बसवत नाहीत."

"ते मला माहीत आहे. पहिली पुरणपोळी मला आजवर मिळालेली नाही."

यावर उभयतां हांसले, आणि थोरलीस धनीपण दिले, आणि धाकटीस चाकरीस लाविले, आणि हे वर्तमान जावयांस कळविले नाही.

दुसरे दिवशी सकाळी सीडी घालून संगणक चालू केला, आणि पडद्यावर दोन ओळी उमटल्या, आणि मिलिंदराव फोनवरून बोलिले, "वरची आपली नवी. तिच्यावर एंटर मारा, फॉरमॅट म्हणा. सगळं पुसलं जाईल म्हणून विचारेल. नवीच आहे, बिनधास्त हो म्हणा." तेव्हां शरदरावांनी फोनावर तळहात धरून हळूच म्हटले, "दादा, वरची चाळीस दाखवतेय हो. नवी एकशेसाठची ना? विचारा त्यांना." श्रीमंतांचे मनी आले, विचारावे तर जंपरची चोरी उघडी पडते, आणि जावयाचा शब्द फिरवून पुसणे हे या घराण्यात नव्हते. "ते जाणून सांगतात. तू मध्ये पडू नकोस," ऐसे बोलून कळ दाबिली. आणि पिवळी पट्टी हळूहळू भरत गेली, आणि उभयतां समाधानाने चहा घेत ती पाहात राहिले.

विंडोज स्थापन जाहली. मग "आता जुनी उघडा" ऐसे जावई बोलिले, खालचे ओळीची दुसरी डिस्क उघडावी तो आंत कोरा मुलूख. मिलिंदरावांनी पुसले, "बाबा, जंपर सांगितले तसेच लावले ना?" श्रीमंत बोलिले, "थोरलीला वर बसवली." तेव्हां मिलिंदराव बोलिले, "म्हणजे आपण पुसली ती जुनीच, बाबा." पुढे शहरींचे कारागिरास डिस्क दाखविली, त्यानेही वरती विंडोज बसली आता काही निघत नाही म्हणून हात जोडिले.

मग गौरी आल्या आणि वृंदाबाई आल्या. त्यांनी बोल लाविला नाही. माईक जोडून म्हणाल्या, "आई काय म्हणाली होती ते तुम्हीच सांगा, बाबा." श्रीमंत खाकरले आणि सांगते झाले, "अहो, हे सुरू झालंय का? लाल दिवा तर दिसत नाही." आणि भिंतीचे बोलणे आठवले, आणि खोबऱ्याचे दटावणे आठवले, परंतु तीळ किती ते काही केल्या आठवेना. पुनः पुनः बोटांवर मोजून पाहिले. वृंदाबाई म्हणाल्या, "राहू द्या तीळ. ते दटावणं पुन्हा म्हणा."

सारांश, थोरली डिस्क आजमितीस धन्याचे जागी आहे. कटकट करिते, पदरी काही नाही, तरी तीस उतरविण्याचा हुकूम होत नाही. धाकटीचे अफाट मुलुखात एकच फाईल आहे, तीत एक म्हातारा आपले बायकोचे बोलणे बोलतो. थोरलीचा मान राखिला. तिचे पदरचे राखावयाचे ते राहून गेले. इतके लिहून लेखणी ठेविली असे.