एलियाकाकांची गप्प गाडी

एलियाकाका चौलकर गाडी चालवता चालवता मध्येच एक बोट वर करतात आणि म्हणतात, "ऐक!" आपण कान टवकारतो. "येतंय काय ऐकू?" आपण "नाही" म्हटलं की त्यांचा चेहरा फुलतो. "बघ! आणि तरी चालतेय!"

काकांची गाडी हायब्रिड आहे. हळू चालवली तर नुसत्या बॅटरीवर, आवाज न करता पळते. जरा जोर दिला की पेट्रोलचं इंजिन जागं होतं. ते जागं होऊ नये, हा काकांचा ध्यास. त्यामुळे लंडनच्या कडेला असलेल्या आमच्या इल्फर्डच्या रस्त्यांवर बस त्यांना मागे टाकते, सायकली मागे टाकतात. एकदा तर शॉपिंग ट्रॉली ओढत निघालेल्या एका आजीबाईंनीही टाकलं, आणि वर हात हलवला. मागून हॉर्न वाजले की काका म्हणतात, "वाजवू दे. आपली तर गप्प आहे ना?"

मी त्यांचा शेजारी. पुण्याहून नोकरीसाठी इथे आलो, त्या पहिल्याच आठवड्यात कुंपणापलीकडून हाक आली, "अरे ए, रिसायकलिंग आज नाय, उद्या! आत घे ते!" इल्फर्डमध्ये अलिबागी मराठी ऐकून मी हातातला डबा तसाच धरून उभा राहिलो. काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. मुलगा-सून मँचेस्टरला, नातवंडांशी बोलणं इंग्रजीत. रूथकाकू मी यायच्या आधीच गेल्या होत्या. शनिवारी काकांची गाडी जागची हलत नाही. "आम्हाला शनवार तेली म्हणायचे. आमच्या आज्या-पणज्यांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद. मग हिला नको सुट्टी?"

या हिवाळ्यात बॅटरी म्हातारी झाली. जरा कुठे हलवली की इंजिन घरघरायला लागायचं. गॅरेजवाला पंजाबी. त्याने बॉनेट बंद करत निकाल दिला, "अंकलजी, बॅटरी गई. नई डालोगे तो गाडी से महंगी पडेगी. बेच दो." काका माझ्याकडे आले ते थेट मयतीहून आल्यासारखे. "तू काँप्युटरवाला. सांग, विकू की दुरुस्त करू?"

सल्ला विचारला की मला चेव येतो. मी लॅपटॉपवर तक्ता मांडला. एका बाजूला बॅटरी, इन्शुरन्स, दरवर्षीची तपासणी. दुसऱ्या बाजूला बस, जी काकांच्या वयाला फुकट. उत्तर लख्ख होतं. विका. मीच ऑनलाइन जाहिरात टाकली.

पहिलं गिऱ्हाईक आलं, तर काकांनी त्याला आधी दाराचा पोचा दाखवला, मग वायपरची करकर ऐकवली, आणि शेवटी चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्याला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "विल यू ड्राइव्ह स्लोली?" तो हसला. म्हणाला, रोज मोटरवेवरून जातो. "देन व्हाय डू यू वाँट धिस कार?" असं म्हणून काकांनी किल्ली खिशात टाकली.

मी भडकलो. म्हटलं, "काका, पेट्रोल वाचवायची एवढी हौस आहे, तर बसने जा ना! फुकट आहे!"

"पेट्रोल?" काका बघतच राहिले. "पेट्रोलसाठी कोण मरतंय रे?"

ते गाडीत जाऊन बसले. मीही शेजारी बसलो.

"रूथच्या घशाचं ऑपरेशन झालं," ते म्हणाले. "आवाज एवढासा राहिला. आमची जुनी गाडी डिझेलची. रूथ काय बोलायची ते मला ऐकू यायचं नाय. मी आपला 'काय? काय?' करायचो. मग ती बोलायचीच बंद झाली. म्हणून ही घेतली. हिचं पण इंजिन लागलं की तिचा आवाज बुडायचा. म्हणून हळू."

"काय बोलायच्या काकू?"

"काय बोलणार? वाल भिजत घातलेत, नारळ संपलाय, सून फोन करत नाय. असलंच. पण मराठीत."

सगळा रस्ता या माणसाला कंजूष समजत होता, आणि त्यात मीही होतो. म्हटलं, "काका, बॅटरी टाकू या."

"गाडीपेक्षा महाग पडेल म्हणतो तो."

"पडू दे."

बॅटरी बसली. रविवारी सकाळी काकांनी मला हाक मारून गाडीत घेतलं. आम्ही निघालो. बसने मागे टाकलं. सायकलवाल्याने टाकलं. काकांनी बोट वर केलं. "ऐक!"

मी ऐकलं आणि नेहमीसारखं म्हटलं, "नाही काका, काहीच ऐकू येत नाही."

पण या वेळी त्यांचा चेहरा फुलला नाही. "तेच तर," ते म्हणाले. "इतकी वर्षं तेच ऐकतोय. तू बोल ना काहीतरी. हळू बोललास तरी चालेल."

मी आवाज खाली आणून म्हटलं, "काका, मटकीला मोड आलेत, पण घरात कोथिंबीर नाही."

काकांनी गाडी आणखी हळू केली.

"कोथिंबीर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल," ते म्हणाले. "पण आपण लांबच्या दुकानात जाऊ."