पन्नास ओहमचं स्थळ

सुदर्शनला दोन गोष्टींची पक्की खात्री होती. एक म्हणजे उज्वलाशी त्याचं लग्न होणार, आणि दुसरी म्हणजे केबलमधलं त्याच्याइतकं अख्ख्या जळकोट तालुक्यात कुणाला कळत नाही!

"टीव्हीची केबल पडलीय की माळवदावर, तीच जोडा ना!" वर्षाराणी वहिनी म्हणाली.

ट्रॅक्टरला वैरण घालायला सांगावं, तसा सुदर्शन तिच्याकडं बघून हसला.

"वहिनी, ती पंचाहत्तर ओहमची. आपल्या सेटला पन्नासचीच लागते. अन् ती लई बारीक. चिरलेल्या पाइपातून पाणी सोडलं की निम्मं वाटेतच मुरतं का न्हाई? तसा आवाज केबलीतच मुरतो!"

"मला रानातून घरापर्यंत ऐकू आलं की बास. तुमाला काय दिल्लीला बोलायचंय?"

एवढा खटाटोप येळवसासाठी, म्हणजे वेळ अमावास्येसाठी चालला होता. येळवसाला सगळा तालुका घरं सोडून रानात भाज्या-शेंगांची पातळ भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील जेवायला जातो, आणि यांचं रान नेमकं डोंगराआड, खोलगटात. तिथं मोबाइलला रेंज म्हणून नाही. पाहुणे घरी येऊन कुलूप बघत बसायचे. म्हणून थोरल्या भावानं, दयानंदनं, सीबी रेडिओचे, म्हणजे बिनतारी बोलायचे दोन सेट आणले, एक घरी आणि एक रानातल्या खोपीत. अँटेना आणि केबल सुदर्शनच्या गळ्यात पडली.

यंदाचा पाहुणाही साधा नव्हता. शिरूर अनंतपाळचे आप्पासाहेब, म्हणजे वहिनीचे वडील! थोरली लेक याच घरात दिलेली, आता धाकट्या उज्वलाला सुदर्शनसाठी मागणं घातलेलं. "येळवसाला येतो, माणसं बघतो, मग सांगतो," असा त्यांचा निरोप होता.

"पोरगा विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकलेला इंजिनिअर हाय!" असं दयानंदनं त्यांना ठासून सांगितलेलं. शिकलेला होता, हे खरंच. इंजिनिअर व्हायला मात्र दोन विषय राहिले होते, आणि त्यातला एक नेमका अँटेनाचा! ही गोष्ट घराबाहेर गेली नव्हती.

सुदर्शननं नांदेडहून अंगठ्याएवढी जाड, काळी केबल आणली. बांधावरच्या लिंबाला उंच बांबू बांधून वर अँटेना चढवली. आदल्या दिवशी नुसतं "हॅलो" म्हणताच घाटापलीकडून कुणीतरी बोललं, "कोन बोलायलंय? लई क्लिअर यायलंय!" तो साखर कारखान्याचा ट्रॅक्टरवाला निघाला. कारखान्याच्या ऊस वाहणाऱ्या गाड्यांवर असेच सेट होते. सुदर्शनची छाती दोन इंच फुगली.

येळवसाच्या सकाळी सुदर्शन घरच्या सेटजवळ बसला, दादा-वहिनी रानात. थोड्याच वेळात सेट बोलू लागला.

"हॅलो सुदर्शन! ऐकू यायलंय का? भज्जी झाली बघ! कुणीबी येऊ दे, आज कुणाला उपाशी धाडणार न्हाई!"

या सेटचं असं असतं, की माइकचं बटन दाबून धरलं की नुसतं बोलायचं. ऐकायचं तर बटन सोडावं लागतं. आणि दयानंदला बोलणं सोडून ऐकायची सवय जन्मापासून नव्हती.

"हे बटन किती दाबत बसावं? हाताला उंड्याचं पीठ लागलंय. थांब, सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधतो. हां! आता कसं, दोन्ही हात मोकळे!"

"दादा, पट्टी काढ!" सुदर्शन ओरडला. पण ऐकतंय कोण! दादा आता वहिनीशी बोलत होता.

"तुझा बाप आला की पहिली आंबील त्यालाच दे. न्हाईतर एरंडेल प्याल्यासारखं तोंड करून बसंल!"

"अवो, हळू बोला की!"

"इथं कोण ऐकायलंय? बैल?"

सुदर्शन पोट धरून हसला. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. उज्वला कुजबुजत होती.

"अवो, आमची गाडी पंक्चर झाली. कारखान्याच्या जीपमध्ये बसून यायलोत. अन् जीपमध्ये दाजींचा आवाज यायलाय!"

सुदर्शन ताडकन उभा राहिला.

"ड्रायव्हरला बंद करायला सांग!"

"सांगितलं. बाबा म्हणले, आवाज वाढव!"

आणि नेमकं त्याच क्षणी सेटमधून आणि मोबाइलमधून दादा एकदमच बोलला, "अन् सुदर्शनचे दोन विषय राहिलेत हे तोंडातून काढू नको बरं! अक्षता पडल्यावर बघू!"

पुढं काय झालं ते ऐकायला सुदर्शन थांबला नाही. मोटारसायकलला लाथ मारून तो सुटला. बांधावर पोचला तर खोप हरभऱ्याच्या पार पलीकडं. त्यानं हातवारे केले. दादानं खुशीत हात हलवून उत्तर दिलं. आता केबलच कापायची! लिंबाखाली पडलेला विळा घेऊन तो केबलवर तुटून पडला. विळा बोथट झाला, हाताला फोड आला, केबलला मात्र ओरखडा! मागं जीप येऊन थांबली.

"काय कापायलाव?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"केबल, मामा."

"कापत न्हाई?"

"न्हाई, मामा. लई चांगली हाय."

उज्वलानं तोंडाला पदर लावला. सुदर्शनला वाटलं, हे तोंड आता आपल्याला पुन्हा दिसायचं नाही, आणि त्याला खरंच रडू येऊ लागलं.

खोपीत दयानंदनं हात पसरले. "या, या मामा! किती वाट बघायलो!"

आप्पासाहेबांनी आंबिलीची वाटी रिकामी केली. "बरी हाय. एरंडेलाच्या मानानं."

दयानंदच्या हातातला उंडा खाली पडला. वहिनी भज्जीत डोकं घालून बसली.

"कोणते दोन राहिले?" आप्पासाहेब सुदर्शनकडं वळले.

"एक गणित, मामा. अन् दुसरा... हाच. अँटेनाचा."

आप्पासाहेबांनी वाटी खाली ठेवली. मग त्यांच्या मिशा हलल्या.

"आम्ही घाटापलीकडं होतो. शब्द न शब्द ऐकू आला. थोरल्या जावयाच्या पोटातलं इतकं स्वच्छ मला आजवर कधीच ऐकू आलं न्हवतं! पोराचं काम चोख हाय. दिली पोरगी! पण अक्षता दोन्ही विषय सुटल्यावर. पारख चुकली ती मागल्या वेळी, दयानंदराव!"

सुदर्शनची नजर आंबिलीनं भरलेल्या मातीच्या बिंदगीशेजारी गेली. माइक तिथंच पडला होता, ट्यूबची पट्टी तशीच आवळलेली! त्यानं काढायला हात पुढं केला, आणि मागं घेतला. कारखान्यानं ऐकलेला शब्द आता आप्पासाहेबांना फिरवता येणार नव्हता.

तेवढ्यात बांधावर हॉर्न वाजले. ट्रॅक्टर थांबत होते, माणसं उतरत होती. "कुणीबी येऊ दे म्हणलाव न्हवं? भज्जी कुठाय?" येळवसाला आलेल्याला परत धाडत नाहीत. वहिनीनं दयानंदकडं एकदाच बघितलं आणि भज्जीत घागरभर पाणी ओतलं.

तेव्हापासून रस्त्यानं जाणारा प्रत्येक ट्रॅक्टर सुदर्शनला बघून थांबतो. "इंजिनेर! दोन सुटले का?"

"एक सुटला!"

"मग राहिला कोणता?"

सुदर्शन खाली बघतो. "अँटेनाचा."