बाहीचा अहवाल

अहवालसाहेबांनी फक्त एका आकड्यात किरकोळ सुधारणा केली. पाचाच्या जागी एक लिहिला, एवढंच. (पाच हा आकडा त्यांना पहिल्यापासून जरा उद्धटच वाटायचा.)

अहवालसाहेब हे त्यांचं ऑफिसातलं नाव. रस्ते खात्यात तीस वर्षं ते दरमहा प्रगती अहवाल लिहीत आले होते. रस्त्यात जीप आडवी झाली तरी त्यांच्या कागदावर 'स्थिती समाधानकारक' असायची, आणि लिहिलेला अहवाल त्यांनी आजवर एकदाही मागे घेतला नव्हता. अशा माणसाच्या हातात डॉक्टरांनी भाबडेपणाने एक वही दिली होती.

"प्रोस्टेट वाढलंय. महिनाभर गोळ्या घेऊन पाहू," डॉक्टर म्हणाले होते. "शेवटचे तीन दिवस वहीत लिहा. पाणी किती प्यायलात, किती वेळा गेलात, रात्री किती वेळा उठलात. फरक पडला नाही तर त्यानंतरच्या गुरुवारी ऑपरेशन. तो गुरुवार हुकला, तर पुढची तारीख तीन महिन्यांनी."

तीन महिने थांबणं साहेबांना परवडणारं नव्हतं. दोन महिन्यांवर नातीच्या शाळेचा कार्यक्रम होता. गेल्या वर्षी तिने स्टेजवर एकटीने व्हायोलिन वाजवलं, बरोबर चार मिनिटं, आणि ती चारही मिनिटं आजोबा हॉलमागच्या बाथरूमचं दार लावून उभे होते. "आजोबा, वाजवताना मला तुमची रिकामी खुर्ची दिसत होती हो," असं ती नंतर म्हणाली. रागाने नाही, सहज. साहेबांना ते फार लागलं होतं.

तर वही. पहिल्या दिवशी त्यांनी अगदी खरं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा लावून पान वाचलं आणि त्यांचं मन खट्टू झालं. असा अहवाल वर पाठवायचा? हात सवयीनेच खोडरबराकडे गेला. पुढची दोन पानं मग खोडायचीही गरज पडली नाही.

ठरल्या दिवशी डॉक्टरांनी वही चाळली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा! गोळ्या चांगल्याच लागू पडल्या की! रात्री फक्त एकदा?"

"समाधानकारक आहे," साहेब म्हणाले.

"मग ऑपरेशन कशाला? ग्रंथी वाढलेली असली तरी त्रास नसेल तर आपण हात लावत नाही. गुरुवारची तारीख दुसऱ्या कुणाला देऊन टाकतो."

साहेबांना पुन्हा ती रिकामी खुर्ची दिसली. आत्ता फक्त 'चुकलं' एवढं म्हणायचं होतं. पण तीस वर्षांत जो शब्द तोंडातून निघाला नव्हता, तो आज कसा निघणार? त्यांनी घसा खाकरला. छताकडे पाहिलं. मग (वेळही अशी साधून) त्यांना जावंसं वाटू लागलं.

"डॉक्टर," शेजारी बसलेल्या बाईसाहेब म्हणाल्या, "तुमची वही राहू दे बाजूला. हे बघा." आणि त्यांनी पिशवीतून विणकाम काढून टेबलावर ठेवलं. स्वेटरची बाही होती.

"हे काय?"

"ह्यांचा रिपोर्ट. हे उठले की मला जाग येते, आणि हे परत येईपर्यंत काही डोळा लागत नाही. मग मी विणते. पूर्वी ह्यांच्या एका फेरीत एक ओळ व्हायची, हल्ली दोन होतात. दर रात्री लोकर बदलली. निळा पट्टा पहिली रात्र, राखाडी दुसरी, परत निळा तिसरी. मोजा."

डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने मोजलं. "दहा... दहा... दहा. म्हणजे रात्री पाच वेळा!"

"अगं, पण..." साहेब म्हणाले.

"तुम्ही आधी जाऊन या," बाईसाहेब म्हणाल्या.

ते परत येईपर्यंत (दोन ओळी) गुरुवार पक्का झाला होता.

ऑपरेशनचा साहेबांनी नाही म्हटलं तरी धसका घेतला होता. पण पोटावर चीर नाही की टाका नाही. लघवीच्याच वाटेने बारीक दुर्बीण आत घालून लेझरने वाढलेला भाग काढायचा. भूल फक्त कमरेखाली, त्यामुळे तोंड मोकळं होतं.

"काम कुठवर आलं?" त्यांनी पडद्याआडून विचारलं.

"रुंदीकरण चालू आहे साहेब," डॉक्टर म्हणाले. "प्रगती समाधानकारक."

हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना किती भीती वाटते, हे साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

तिसऱ्या दिवशी लघवीची नळी निघाली आणि ते घरी आले. पहिले पंधरा दिवस जळजळ होती, धावपळही होती. ती त्यांनी नव्या वहीत जशीच्या तशी लिहिली, खाली 'असमाधानकारक' असा शेराही मारला आणि तो बायकोला दोनदा वाचून दाखवला. मग हळूहळू सगळं सुरळीत झालं. रात्री दोघंही गाढ झोपू लागले. स्वेटर मात्र एका बाहीवरच अडला. "दिवसा मला कामं असतात," बाईसाहेब म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी साहेबांनी ऐटीत पहिल्या रांगेतली मधली खुर्ची धरली. (आजवर ते दाराजवळची शोधत.) तीन तासांत एकदाही उठले नाहीत. दिवे मंद झाले, नात स्टेजवर आली, तिने भरलेल्या खुर्चीकडे पाहिलं आणि हसली. साहेबांचा ऊर भरून आला. सूर नीट ऐकू यावेत म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

कार्यक्रम संपल्यावर ती धावतच आली. "आजोबा, कसं वाजवलं मी?"

"अप्रतिम! एकेक सूर कानात साठवून ठेवलाय बघ!"

नातीने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि ती आजीकडे वळली. (बाहीचा किस्सा तिला पाठ होता.)

"आजी, किती ओळी?"

बाईसाहेबांनी पिशवीतून दुसरी बाही काढून उलगडली.

"तू वाजवायला लागल्यापासून चार," त्या म्हणाल्या. "चारही घोरण्याच्या."