अंधाऱ्या फायलींचे गिऱ्हाईक

लोक माझ्या दुकानात चांगला सिनेमा मागायला येतात. सुपडूकाका बिघडलेला मागतात.

लोणारच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पेन ड्राइव्हमधला सिनेमा टीव्हीवर नीट लागत नाही, म्हणून रोज कुणी ना कुणी येतं. 'आवाज येते, चित्र येत नाही' ही ठरलेली तक्रार. मी गिऱ्हाइकाला समजावतो, की फाईल लहान व्हावी म्हणून चित्राची घडी घालतात, आवाजाची वेगळी घालतात. घडी घालायच्या या तऱ्हेला कोडेक म्हणतात. नव्या सिनेमांतल्या चित्राची घडी नव्या तऱ्हेची असते, ती जुन्या टीव्हीला उलगडता येत नाही. मग आवाज तेवढा बाहेर येतो आणि चित्र राहतं आत. गिऱ्हाईक सगळं ऐकून घेतं, मान हलवतं आणि विचारतं, "मंग टीव्ही बदला लागते का?"

हे चाललेलं असताना सुपडूकाका बाकावर कान टवकारून बसलेले असतात. गिऱ्हाईक गेलं की पुढे सरकतात.

"ते अंधारी फाईल मले दे. पण पुरी अंधारी पाह्यजे. मधातच चित्र आलं तं घोटाळा होते."

काका एस.टी.त कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. आमच्या शेजारीच राहतात. गल्लीत त्यांची ख्याती अशी, की त्यांना खोटं बोलता येत नाही. यात मोठेपणा काही नाही, हेही तेच सांगतात. "जीभच वळत नाही, त्याले मी काय करू?" एकदा बसमध्ये एका बाईने विचारलं, "कंडक्टरभाऊ, मेहकरले कधी पोचू?" काका म्हणाले, "पोचलो तं सांजेले." एका लग्नात मुलीच्या बापाने हात जोडून विचारलं, स्वयंपाक कसा झाला? "वांग्याची भाजी झकास. वरणात दाळ शोधा लागते." तेव्हापासून सोयरीक जुळवायला जाताना त्यांना कुणी सोबत नेत नाही.

घरात ते आणि शेवंताकाकू, दोघंच. काकूंची नजर साखरेच्या आजारात हळूहळू गेली. आता त्यांना उजेड-अंधारही कळत नाही. भिंतीपलीकडून दिवसभर काकांचा आवाज येतो. "पायरी हाय." "चहा गरम हाय, बशीत घे." "मोरीत ओलं हाय, थांब." नोकरी सुटली तरी थांबे सांगायची सवय काही सुटली नाही, असं मी त्यांना चिडवायचो.

दुपारी जेवणं झाली, की दोघं टीव्हीसमोर बसतात. टीव्ही चालू, पडदा काळा आणि आतून मारामारीचे आवाज. गल्लीतली मंडळी हसतात, "सुपडूकाका रेडिओ पाहून राह्यले."

मला मात्र वाईट वाटायचं, थोडा रागही यायचा. काकूंना दिसत नाही हे खरं, पण म्हणून धडधाकट डोळ्यांच्या माणसाने काळ्या पडद्याकडे तोंड करून का बसावं? कितीदा म्हटलं, "काका, जुन्या टीव्हीले चालन अशी फाईल करून देतो." उत्तर एकच, "नको बे. हाय ते बरं हाय." शेवटी मी न विचारताच करून टाकायचं ठरवलं. त्यांच्या पेन ड्राइव्हमधले सगळे सिनेमे जुन्या तऱ्हेच्या घडीत बसवले आणि मौज पाहायला स्वतःच घेऊन गेलो.

"काकू, आज तुमच्या घरी चित्र येणार हाय!" मी उंबऱ्यातूनच ओरडलो.

काकूंचा चेहरा फुलला. "बरं केलं बाप्पा. त्या बिघडल्या फायलीपायी यायलेबी अंधारात बसा लागे."

काकांनी रिमोट दाबला. पडद्यावर झक्क चित्र आलं. मातीचा रस्ता आणि त्यावरून चालत येणारा एक ढेरपोट्या जमादार.

"आलं काहो?" काकूंनी विचारलं.

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकांचा हात माझ्या गुडघ्यावर पडला. चांगलाच जोरात. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"नाही आलं," ते म्हणाले. "अंधारच हाय."

काकू हसल्या. "जाऊ द्या. पोरानं एवढी मेहनत केली, त्याले बोलू नका. बसा इकडं, मी सांगते." त्यांनी कान पुढे केला. "बाई येऊन राह्यली. पायात नवी चप्पल हाय, करकर वाजते. भांडाले आली दिसते."

पडद्यावर जमादाराचे बूट करकरत होते.

"हाव का?" काका डोळे न उघडता म्हणाले. "कोणासंग?"

"थांबा ना जरा! मधात बोलू नका."

काकूंचा हा हुकमी सूर मी कितीतरी दिवसांनी ऐकत होतो. मी हळूच चपला घातल्या आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच काका दारात उभे.

"दिवसभर मी तिले सांगतो. पायरी हाय, गरम हाय, सरक, थांब. ते ऐकते, पण आतून झुरते लेका. मी सदा गाडीवर. सारं घर तिनं एकटीनं हाकलं. आता दुपारची तेवढी घडीभर ते मले सांगते."

"मंग टीव्हीवर फडकं टाका ना, काका."

"मंग फडकं टाकलं हे तिले सांगा लागते. ते विचारते, माह्यासाठी टाकलं का? हाव म्हणा लागते. हाव म्हटलं का ते बसत नाही, उठून जाते. फाईलच अंधारी असली तं बोलायचं कामच नाही पडत." त्यांनी पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. "काल एक डाव खोटं बोललो. जेवण गेलं नाही मले. रोज रोज नाही जमत. हे सारं पहिल्यासारखं अंधारं करून दे."

माझे डोळे भरून आले होते, ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी संगणकाकडे वळलो. दुकान काढल्यापासून चांगली फाईल बिघडवायचं काम पहिल्यांदाच आलं होतं आणि ते अगदी नीट व्हावं असं मला मनापासून वाटत होतं.

"आन् हे पाह्य," बाकावर टेकत काका म्हणाले, "आवाजाले हात नको लावू."