भिंतींत हरपलेल्या दाराची हकीकत

श्री. ज्या आदिशक्तीनें वस्तूस रूप देण्याआधीं हातास ओळख दिली, तीस नमन असो. शके सोळाशें चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सरीं, एके राज्यीं वर्तमान झालें तें ऐसें.

महाराजांनीं धारोजी स्थपतीस हुजूर बोलावून आज्ञा केली, "रयत वाड्यांत येते आणि दारोदार अडते. ऐसा महाल उभारा कीं कोणास कांहीं पुसणें पडूं नये." मग धारोजी बाजारांत उभे राहून माणसांचे हात न्याहाळीत गेले, आणि जेथें ओढावें तेथें कडी, जेथें लोटावें तेथें सपाट पत्रा बसविला, आणि वाटा फुटत तेथें एकाच बाजूस समई ठेविली, आणि काम रुजू झालें हें कळावें म्हणोन फरशीखालीं, पाऊल पडतांच वाजेल ऐसी मंजूळ घंटा बांधिली. रयत संतोषली. मग महाराज बोलिले, "लोक लवकर निघून जातात. त्यांनीं रमावें." धारोजींचे मनास तें रुचलें नाहीं, परंतु आज्ञा मोडवेना, आणि त्यांनीं बाहेर जाण्याचे दाराचा पत्रा काढिला, दार भिंतीचे रंगांत मिळविलें, आणि वळणोवळणीं नवी घंटा बांधिली. मग लोक रमले. पेठा ओस पडल्या, चुली विझल्या, आणि धारोजींची स्त्री चिमाबाई महाल पाहूं गेली ती परतली नाहीं.

धारोजी आंत गेले तों शेंकडों माणसें हलक्या पावलीं फिरत आहेत, मुखीं समाधान, परंतु कोणी कोणाशीं बोलत नाहीं, ऐसें दिसलें. चिमाबाई कृश झाली होती. धारोजी बोलिले, "घरीं चल." ती म्हणाली, "येतें कीं. एवढी घंटा वाजूं द्या." घंटा वाजली आणि ती पुढील फरशीकडे वळली. मग धारोजींनीं तिचा हात धरिला आणि दार शोधूं लागले, तों त्यांचेंच पाऊल समईकडे वळलें, आणि घंटा वाजली, आणि त्यांस फार बरें वाटलें. त्या बरें वाटण्याचेंच त्यांस भय उपजलें. मग पागोटें सोडून त्याचा पदर डोळ्यांस बांधिला, आणि भिंत चांचपीत गेले, आणि सांध सांपडतांच खांद्यानें दार लोटून तिला बाहेर ओढिलें. ती उन्हांत बसून, कोणीं कांहीं हिरावून घ्यावें तैसी रडूं लागली.

मग दार उघडें ठेवण्याची आज्ञा मागावयास धारोजी सदरेवर गेले, तों गादी रिकामी. महाराज महालांत फिरत होते. धारोजींनीं दाराबाहेरूनच हांक मारिली. "येतों," महाराज म्हणाले, "एवढी घंटा होऊं द्या." मग धारोजींनीं पहार घेऊन ती भिंतच पाडिली. ऊन आंत शिरलें. माणसांनीं डोळ्यांवर हात धरिले, आणि अवघे जन, महाराजांसुद्धां, सावलीचे बाजूस सरकले.

येणेंप्रमाणें राज्य बुडालें. शत्रू आला नाहीं, तोफ वाजली नाहीं. धारोजी स्त्रीस घेऊन देशांतरास गेले. वर्तमान इतकेंच.