घरगुती ताण

कुरडयांचा सोऱ्या फिरवता फिरवता कुंदाबाईंचं उजवं मनगट टम्म सुजलं आणि देवपुरातल्या त्या घराची घडी विस्कटली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, अठरा दिवसांवर आलेली. लेक उषा तीन वर्षांनी यावलहून माहेरी येणार, आणि आखाजीला खापरावरचे मांडे नाहीत तर ते माहेर कसलं! मांडा या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत वाढवावा लागतो. कुंदाबाईंना तर चहाचा कप उचलवत नव्हता.

“हाऊ हात असाच ऱ्हायना ते उषाले मांडा कोन करी?” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून त्यांचे यजमान चुडामण नाना त्यांना लगेच दवाखान्यात घेऊन गेले.

ॲक्युपंक्चर करणाऱ्या डॉ. हेमलताताईंनी कुंदाबाईंच्या हातापायांवर बारीक सुया टोचल्या, सुयांना वायरी जोडून हलका करंट सोडला. नाना प्रश्न विचारून भंडावत होते.

“नाना, हा शरीराला दिलेला छोटासा ताण. त्यानं मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ताणाचे हार्मोन सोडतात, आणि सूज उतरू शकते. संशोधन बरंचसं उंदरांवरचं आहे, हमी नाही. दर मंगळवारी या. आणि हाताला आराम द्या.”

नानांच्या डोक्यात राहिला तो फक्त ताण. मंगळवारीच का? बाकीचे सहा दिवस त्या ग्रंथींनी काय माशा मारायच्या? घरी करंट देणं धोक्याचं, पण ताण देणं? त्यात नानांचा चाळीस वर्षांचा अनुभव होता.

बुधवारी त्यांनी दूध उतू जाऊ दिलं. कुंदाबाई ओरडल्या, “ओ माय वं!” नाना खूश झाले, पण ओटा त्यांनाच पुसावा लागला. गुरुवारी मुद्दाम पाण्याची बादली लवंडली आणि सगळं घर पुसलं. शुक्रवारी ते धावत येऊन म्हणाले, “उषानी माय, बकरीनी बठ्ठ्या कुरडया खाई टाक्या!” कुंदाबाई अंगणात गेल्या, तर कुरडया जागेवर. मात्र धावपळीत नानांनी फाटक उघडं टाकलं होतं. दुपारी बकरी खरंच आली आणि नानांचा शब्द खरा करून गेली.

शनिवारी नाना स्वतः सोऱ्या फिरवायला बसले. शेजारच्या लताबाई कुंपणावरून म्हणाल्या, “नाना, कुरडई शे का जिलेबी?”

तिसऱ्या मंगळवारी सूज पार उतरली होती. नानांनी छाती फुगवून आपला इलाज सांगितला. हेमलताताईंनी कपाळाला हात लावला.

“अहो नाना, सुईचा ताण वेगळा आणि घरातली कटकट वेगळी! कटकटीनं सूज वाढायची एखाद्याची. बाई, घरातली कामं कोण करत होतं?”

“बठ्ठं यास्नीच,” कुंदाबाईंनी नानांकडे बोट दाखवलं.

“मग आराम मिळाला हाताला. सुयांनी किती आणि आरामानं किती, मलाही सांगता यायचं नाही.”

नानांचा चेहरा पडला. आपण हिला उगाच छळलं, हे त्यांच्या मनातून जाईना.

आखाजीला मांडा कुंदाबाईंच्या दोन्ही कोपरांपर्यंत गेला. उषानं आमरसाबरोबर तीन खाल्ले आणि आईच्या मनगटाचा मुका घेतला. संध्याकाळी ती मैत्रिणींकडे झोक्यावर गेली. कुंदाबाईंनी चहासाठी दूध ठेवलं. नाना दारात घुटमळत होते.

“उषानी माय, मी तुले भलता तरास दिधा.”

“माले पहिल्याच दिनले माहीत व्हतं. दूध वर यी राह्यंतं, आनि तुम्ही मन्हाकडे दखी राह्यंतात.”

“मंग वरडनी काबर?”

“तुम्ही इतला जीव लाईसन करी राह्यंतात. मी वरडती नही ते तुमनं तोंड उतरी जातं.”

नानांना चाळीस वर्षांत कळली नव्हती तेवढी बायको त्या एका क्षणात कळली. तेवढ्यात शेगडीवर चर्रर्र आवाज झाला. या वेळी दूध खरोखरच, कोणी न ठरवता उतू गेलं होतं. दोघंही दचकले. कुंदाबाईंनी फडक्याकडे हात नेला.

नानांनी ते आधीच उचललं होतं. “तू बस. हात नको लावू,” ते म्हणाले आणि ओटा पुसायला लागले.